हौसावहिनीच्या तीन ओव्या

आमच्या घरात गाणारं कुणी नव्हतं. आईला देवापुढची आरतीसुद्धा एका सुरात जमायची नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेच्या प्रार्थनेला मुलांच्या मागे उभे राहून नुसते ओठ हलवायचे. आणि तरीही गावात गाण्यांच्या वह्या कुणाच्या घरात असतील तर त्या आमच्याच. सुप्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून चारेक मैल आत असलेल्या त्या गावात अण्णा हेडमास्तर होते, आणि त्यांना कामाची गाणी जमवण्याचं वेड होतं. देवाधर्माची नव्हेत, लग्नाची नव्हेत. माणसं राबताना जी म्हणतात तेवढीच. मोट हाकतानाची, कापणीच्या वेळची भलरी, जात्यावरची, घिसाड्याच्या भात्यापुढची. रस्त्यानं बेलदाराची गाढवं चालली असली तरी अण्णा सायकलवरून उतरून विचारायचे, "दगड घडवताना तुमच्यात काय म्हणतात हो?" बेलदार आधी घाबरायचा. धोतर-कोट घातलेला माणूस थांबवतो म्हणजे काहीतरी चौकशी असणार असं त्याला वाटायचं. मग अण्णा त्याला विडी द्यायचे, स्वतः ओढत नसूनही खिशात बाळगायचे, आणि तासाभरानं दोन कडवी घेऊन घरी यायचे. त्या दिवशी आमच्याकडे सण असल्यासारखं असायचं. जेवताना ते आम्हाला वाचून दाखवायचे. आई वाढता वाढता म्हणायची, "ऐकलं. आता भाकरी गार होतेय."

मी तेव्हा सतरा वर्षांची. अकरावी होऊन घरी बसले होते, नगरला डी.एड.ला नंबर लागायची वाट बघत. ती दुष्काळाची वर्षं. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेलेले, आणि गावातल्या विहिरींच्या तळाला नुसती भेगाळलेली माती. अण्णांच्या मोटेच्या गाण्यांची वही नेमकी त्याच वर्षी भरत होती, हे मला तेव्हाही कसंतरी वाटायचं. बाबूनाना म्हणून एक म्हातारा होता, मोट हाकण्यात त्यानं जन्म घालवलेला. अण्णा त्याला घेऊन त्याच्याच विहिरीच्या धावेवर बसायचे. बैल छावणीत गेलेले, मोटेचा नाडा घरात गुंडाळून ठेवलेला, आणि नाना हातवारे करत, नसलेल्या बैलांना नावानं पुकारत गायचा. एकदा मध्येच त्यानं विहिरीत वाकून बघितलं आणि गप्प झाला. अण्णा पेन्सिल धरून थांबले. नाना म्हणाला, "गुर्जी, फुडलं आठवत न्हाई." अण्णा म्हणाले, "सावकाश आठवा." मला कळलं होतं की नानाला आठवत होतं. अण्णांना कळलं नाही. ते फार चांगले होते, पण गाणं ऐकू आलं की त्यांना माणूस दिसेनासा व्हायचा. आज हे लिहायला नको वाटतं. पण पुढचं सांगायचं तर हे सांगितलंच पाहिजे.

सगळं गाव तेव्हा खडी फोडायला जात होतं. दोन मैलांवर सरकारनं रस्त्याचं काम काढलं होतं. सकाळी सगळी वाट माणसांनी भरलेली असायची, हातोडे, घमेली आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. भाकऱ्याही कसल्या, तांबड्या मिलोच्या. परदेशातून आलेली ती ज्वारी. तिचं पीठ हाताला धरायचं नाही, थापताना भाकरीच्या कडा फुटायच्या आणि तोंडात घास फिरत राहायचा. कामावर सुकडी वाटायचे, गोडसर, पिवळट भुकटी. शाळेतल्या मुलांच्या ओठांच्या कडांना ती चिकटलेली असायची. एका रविवारी अण्णा मला बरोबर घेऊन कामावर गेले. शेकडो हातोड्यांचा आवाज, पण एका तालात नाही, प्रत्येकाचा वेगळा. अण्णांनी एका बाईला विचारलं, "खडी फोडताना तुम्ही काय म्हणता?" ती डोळ्यांवर पदर ओढून म्हणाली, "खडीला गानं न्हाई, गुर्जी. तोंड उघडलं की कपची जाती." त्याच दिवशी जीपमधून सरकारी कलापथक आलं होतं. डफ, तुणतुणं, फेटे. शाहिरानं घामाच्या मोत्यांवर आणि भारतमातेच्या लेकरांवर दोन गाणी म्हटली, आवाज पहाडी होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा हातोडे उचलले. अण्णांनी तीही गाणी उतरवून घेतली. कामावरच्या शाहिरी गाण्यांची वेगळी वही त्यांनी निळ्या शाईनं लिहायची ठरवली होती.

जात्यावरच्या ओव्यांची वही मात्र रिकामी राहिली होती. पुरुष अण्णांपुढे मोकळेपणानं गायचे, बायका नाही. गुर्जी दारात आले की जातंच थांबायचं. म्हणून त्यांनी मला पाठवायचं ठरवलं. योगायोगानं जाती पुन्हा सुरू झाली होती. गावात पिठाची गिरणी होती, पण डिझेल मिळेना म्हणून गिरणीवाला दोन-दोन दिवस ती बंद ठेवायचा, आणि बायकांनी माळ्यावर टाकलेली जाती उतरवली होती. आमच्या भिंतीला भिंत लागून दगडूभाऊंचं घर. घरात तीनच माणसं: दगडूभाऊ, त्यांची आई सोनाबाई आणि बायको हौसावहिनी. लेकरू नव्हतं. एक झालं होतं, ते तीन महिन्यांचं होऊन तापानं गेलं, एवढं गावाला माहीत होतं. आम्ही त्या गावात आलो ते त्यानंतर. हौसावहिनी पंचविशीच्या असतील, उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. पहाटे भिंतीपलीकडून त्यांच्या जात्याची घरघर सुरू झाली की मला जाग यायची, आणि तिच्या वरून त्यांचा आवाज, पातळ, किंचित घोगरा.

पहिल्या पहाटे मी वही आणि पेन्सिल घेऊन त्यांच्या जात्यापाशी बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दळत राहिल्या. ओवी नाही. बराच वेळ गेल्यावर मी म्हटलं, "वहिनी, म्हणा ना."

"नुसतं बसून ववी येत व्हय? कागुद ठिव खाली. हात लाव खुट्याला."

मी हात लावला. मिलो कडक, जातं जड. दहा-बारा फेऱ्यांत खांदा भरून आला, तळहात जळायला लागले. आणि मग त्यांनी सुरू केलं. आधी देवाची ओवी, मग भावाची, मग माहेरच्या वाटेची. मला तेव्हा कळलं की ओवीची चाल म्हणजे खुंटा आपल्याकडे आला की श्वास घ्यायचा आणि दूर गेला की सोडायचा, एवढंच. हात थांबला तर ती आठवतही नाही. लिहायला मी हात काढला की वहिनींची ओवी तुटायची. म्हणून मी सगळं मनात धरून घरी पळत यायचे आणि चुलीच्या उजेडात बसून उतरवायचे. महिनाभर हे चाललं. माझ्या हाताला फोड आले, फुटले, तिथली कातडी जाड झाली. आईनं एकदा माझा हात धरून बघितला आणि अण्णांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला आणायचं?" अण्णा हसले. "अगं, हे कुणाच्या घरातलं नसतं. हे लोकांचं असतं."

वहिनी माझ्याशी हळूहळू बोलायला लागल्या. तळहाताला लावायला त्यांनी मला तेल दिलं. त्यांच्यासाठी मी पाथर्डीकडच्या त्यांच्या माहेरी पत्र लिहून दिलं. त्या मला "सुमे" म्हणायच्या. आम्ही दळत असताना सोनाबाई अंगणात दात घासत असायच्या किंवा पाण्याच्या रांगेला गेलेल्या असायच्या. दगडूभाऊ उजाडायच्या आत कामावर निघून जायचे. अशाच एका पहाटे, घरात आम्ही दोघीच असताना, वहिनींनी एक निराळीच ओवी धरली. तिची चाल तीच होती, पण आवाज खाली गेलेला.

बाजरी खुडाया आले, झोळी कवठाला बांधली
तान्ह्या माज्या राघूसाठी, नीज इकत आनली

कडू कन बोटावरी, व्हटाला गं लावियला
रडता राघू माजा, उन्हाआदी निजविला

सांजच्या गं पारी, पाखरं आली घरा
निजला राघू माजा, जागं कुनी त्येला करा

खुंट्यावरचा त्यांचा हात थांबला. जातं एक फेरा स्वतःच फिरून उभं राहिलं. त्या म्हणाल्या, "ही लिवू नगस, सुमे. ही माजी हाय."

मी काही विचारलं नव्हतं. तरी त्यांनी सांगितलं, जात्याच्या कडेच्या पाळूवरचं पीठ बोटानं गोळा करत, माझ्याकडे न बघता. "तीन म्हैन्यांचा हुता. ह्ये बेलापूरकडं पाटाच्या खोदकामावर गेल्ते. बाजरी खुडायला आमी दोघीच, सासू आन् मी. दूध पुरत न्हवतं, प्वार सारकं रडायचं. सासूनं अफूचा कन बोटावर दिला. म्हनली, चाटव, गप पडंल, दुपारपतुर वावर आटपंल. मी चाटवला." त्यांनी बोटावरचं पीठ परातीत झाडलं. "आटपलं वावर."

बाहेर कोंबडं ओरडत होतं.  त्या उठता उठता म्हणाल्या, "ह्येंला ताप म्हनून सांगितलंया. गावालाबी. तू बोलू नगस कुनाला." मी मान हलवली. बोलणार नव्हतेच. आणि तेव्हा बोलले नाहीच.

पण मी ती ओवी लिहिली. घरी येऊन, आई पाण्याला गेलेली बघून, वहीच्या शेवटून दुसऱ्या पानावर. का लिहिली याचं उत्तर मी पन्नास वर्षं शोधते आहे. स्वतःला मी सांगितलं की मी विसरून जाईन, इतकं खरं काहीतरी हरवून जाईल. आज नगरमधल्या सावेडीच्या या फ्लॅटमध्ये सुनेचा मिक्सर सकाळी सकाळी घरघरतो तेव्हा मला खरं उत्तर कळल्यासारखं वाटतं. मला ती ओवी आपल्याजवळ असावी असं वाटलं होतं. अण्णांना बेलदाराची कडवी आपल्याजवळ असावीत असं वाटायचं तसंच. मी त्यांचीच मुलगी होते.

पंधरा-वीस दिवसांनी पुण्याहून अण्णांना पत्र आलं. रेडिओवर पंधरा मिनिटं बोलायचं, विषय श्रमाची गाणी. आमच्या घरात एवढी मोठी गोष्ट कधीच झाली नव्हती. आईनं गुळाचा शिरा केला. गूळ मिळणं सोपं नव्हतं तेव्हा. अण्णा सगळ्या वह्या पसरून निवड करायला बसले. मी भांडी घासून आत आले, तर ते माझी वही उघडून तिच्या शेवटच्या पानांपाशी थांबले होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"सुमन, ही अंगाई तू मला दाखवली नाहीस?"

"ती... ती घ्यायची नाही, अण्णा. वहिनींनी नको म्हटलंय."

"का?"

मी ओले हात परकराला पुसत राहिले. कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं.

"अगं, बायका लाजतात. पहिल्या दिवशी देवाची ओवीसुद्धा सांगत नव्हत्या तुला. हे बघ, 'नीज विकत आणली'! शिकलेल्या कवीला सुचणार नाही हे. दिवसभर राबणारी बाई, तिला बाळाला झोपवायला वेळ नाही, म्हणून ती म्हणते मी झोप विकत आणली. आणि कडू कण म्हणजे बाळकडू. काय सोसणं आहे, आणि किती गोड!" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या कानाला पारख आहे. माझ्या चार वह्या एकीकडे आणि हे पान एकीकडे."

अण्णांनी माझं इतकं कौतुक कधी केलं नव्हतं. अकरावीला पहिला वर्ग मिळाला तेव्हा ते फक्त "ठीक" म्हणाले होते. मी म्हणाले, "पण अण्णा, नको ना." एवढंच म्हणाले, तेही हळू. मग मी मनाची समजूत घातली की रेडिओवर नाव थोडंच सांगणार आहेत. पुणं किती लांब. कवठं काय सगळ्याच बांधांवर असतात.

रेडिओ पुण्यात होता, पण त्याचा आवाज आमच्या चावडीवर होता. ग्रामपंचायतीचा संच, छपराला बांधलेला कर्णा, संध्याकाळी बाजारभाव आणि शेतीचा कार्यक्रम सगळ्या गावाला ऐकू यायचा. अण्णांचं भाषण आधीच पुण्याला रेकॉर्ड करून झालं होतं, आणि ज्या संध्याकाळी ते लागणार होतं त्या दिवशी सरपंचांनी अण्णांसाठी खुर्ची आणवली. कामावरून परतलेली माणसं हातपाय न धुताच येऊन बसली होती, भुवयांपर्यंत पांढरी धूळ. बायका मारुतीच्या देवळाच्या भिंतीशी. सोनाबाई पुढेच बसल्या होत्या. हौसावहिनी आल्या नव्हत्या. चूल पेटवायची होती. मी आईच्या मागे उभी राहिले.

अण्णांचा आवाज कर्ण्यातून यायला लागला आणि लोक एकमेकांकडे बघून हसले. बाबूनानाच्या मोटेचं गाणं आलं तेव्हा त्याला कुणीतरी पाठीत थाप मारली. भलरीला तर माणसांनी मागून झीलसुद्धा धरली, "भलगडी दादा" करत. दुष्काळात दोन वर्षं जिथं विळा चालला नव्हता तिथं ती भलरी ऐकताना त्यांचे चेहरे उजळले होते, हे मला आजही दिसतं. मग अण्णा म्हणाले, "आणि आता ऐका, कष्टकरी मातेची एक गोड अंगाई." तिथं पुण्याच्या केंद्रावरच्या एका गायिकेनं ती गायली होती. मागे तंबोरा, हार्मोनियम. इतका मधुर, स्वच्छ आवाज. 'झोळी कवठाला बांधली' आलं. 'नीज इकत आनली' आलं. दुसरी ओवी सुरू झाली तेव्हा देवळाच्या भिंतीशी आधी शांतता झाली. तिथं एकही बाई अशी नव्हती जिला कडू कण म्हणजे काय ते सांगायला हवं होतं. तिसऱ्या ओवीला एक म्हातारी नुसती "अगं बाई" म्हणाली. पुरुष अजून मान डोलावत होते.

कार्यक्रम संपला. सरपंचांनी अण्णांना हार घातला. अण्णा उठून उभे राहिले. ते न्यायी होते, दुसऱ्याचं श्रेय घेणं त्यांना जमायचं नाही. हार काढून हातात धरून ते म्हणाले, "कौतुक माझं नको. शेवटची ओवी आपल्याच गावची आहे. आपल्या दगडूच्या मंडळींची, हौसाबाईंची. एवढी मोठी कवयित्री आपल्या शेजारी दळते आणि आपल्याला पत्ता नाही."

मी आईचा पदर ओढला. त्यापलीकडे काही केलं नाही.

दगडूभाऊ माणसांमध्ये उकिडवे बसले होते. कुणीतरी त्यांच्याकडे बघून हसलं, आणि मग तो हसणाराच थांबला, कारण बायकांकडून काहीतरी कुजबुज पुरुषांपर्यंत आली होती. दगडूभाऊ उठले. अण्णांना म्हणाले, "कवठ आमच्याच बांधाला हाय, गुर्जी." अण्णांना वाटलं ते अभिमानानं बोलताहेत. ते म्हणाले, "आहेच ना!" दगडूभाऊ आपल्या आईकडे बघत राहिले. सोनाबाई पदर सावरत उठल्या आणि एकट्याच घराकडे चालायला लागल्या.

भिंतीपलीकडून आरडाओरडा येईल म्हणून मी कान लावून बसले. काहीही आलं नाही. आमच्या घरी आईनं त्या दिवशी पुन्हा शिरा केला होता, तो मी ताटात तसाच ठेवला. पहाटे जातं वाजलं नाही. उजाडल्यावर वहिनी डोक्यावर गाठोडं घेऊन बाहेर आल्या आणि आमच्या दारावरून पाथर्डीच्या गाडीसाठी मोठ्या रस्त्याकडे गेल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. दुपारी पाण्याच्या रांगेत आईला कळलं ते तिनं येऊन सांगितलं. दगडूभाऊंनी रात्री एवढंच विचारलं होतं, "अफू कुनी दिली?" सोनाबाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. वहिनी म्हणाल्या होत्या, "मीच." सासूचं नावही घेतलं नव्हतं. दगडूभाऊ म्हणाले होते, "मंग जा."

तेव्हा मी आईला आणि अण्णांना सगळं सांगितलं. अण्णांचा चेहरा मला त्याआधी कधी म्हातारा दिसला नव्हता. त्यांनी एकच विचारलं, "तुला माहीत होतं?" मी हो म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते उठले, पायात वहाणा न घालता शेजारी गेले आणि दारात उभे राहून सोनाबाईंना म्हणाले, "माझ्या हातून फार वाईट झालं." सोनाबाईंनी पाट सरकवला. "बसा गुर्जी, च्या ठिवते." अण्णा बसले. चहा पिऊन आले. संध्याकाळी सोनाबाई आमच्या उंबऱ्याशी येऊन टेकल्या. आई तवा मांडत होती. त्या म्हणाल्या, "आमच्या येळंला समद्याच द्यायच्या." आणि उठून गेल्या. त्या दिवसानंतर पहाटे भिंतीपलीकडून जातं पुन्हा ऐकू यायला लागलं. सोनाबाई एकट्या दळायच्या. घरघर तेवढी, आवाज नाही.

मला राहवेना. चार दिवसांनी मी एकटीच कामावर गेले. दगडूभाऊ गोणपाटाच्या तुकड्याच्या सावलीत खडी फोडत होते, बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले. मी समोर उभी राहिले. म्हटलं, "दगडूभाऊ, वहिनींचा दोष नाही. तो कण त्यांनी—"

"आयनं दिला. म्हाईत हाय."

हातोडा पडत होता. त्यांनी वर बघितलं नाही. "आमी पाच भावंडं हुतो, ताई. मी आन् थोरली भन ऱ्हायलो. बाकीच्यांलाबी तापच आल्ता म्हनं."

 मी म्हणाले, "मग त्यांना का घालवलंत?"

ते थांबले. तळहातानं तोंडावरची धूळ पुसली, ती आणखीच पसरली. "तीन वर्सं ती माज्या शेजारी निजती. मला न्हाई बोलली. मी तापाला शिव्या देत बसलो. जात्याला बोलली, तुला बोलली, रेडूला बोलली."

"रेडिओला त्या नाही बोलल्या. ते माझ्यामुळं झालं. त्यांनी मला लिहू नको म्हणून सांगितलं होतं."

"मंग हितं कशापायी आलीस?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तिच्याम्होरं जाऊन बोल."

मी गेले नाही. अण्णा गेले. एसटीनं पाथर्डी, तिथून पायी डोंगरातलं गाव. वहिनी त्यांच्यासमोर आल्या नाहीत. भावानं पाणी दिलं, भाकरी दिली, आणि वाटेपर्यंत सोडायला आला. अण्णांनी रेडिओला पत्र लिहिलं की ती ओवी पुन्हा लावू नये. त्याचं उत्तर आलं नाही. गाणी जमवणं त्यांनी सोडलं नाही, पण त्यानंतर ते गाऊन झाल्यावर माणसाला विचारायचे, "हे लिहू ना?" पुष्कळदा लोक नको म्हणायचे. अण्णा वही मिटून विडी देऊन परत यायचे. जेवताना वाचून दाखवणं मात्र बंद झालं.

पाच महिन्यांनी दगडूभाऊंनी वहिनींना परत आणलं. कसं ठरलं, कोण काय बोललं, मला माहीत नाही. एका दुपारी त्या अंगणात भांडी घासताना दिसल्या, आणि जणू माहेरपणाला जाऊन आल्यासारखं सगळं सुरू झालं. सासूसुनांमध्ये कामापुरतं बोलणं होतं. पुढे दोन वर्षांनी त्यांना मुलगी झाली असं मी नगरला असताना ऐकलं. तिला त्या कामावर नेताना पाठीशी बांधून नेत, झोळीत टाकत नसत. गिरणी तोवर रोज चालायला लागली होती. जातं पुन्हा माळ्यावर गेलं, आणि वहिनींना कुणी पुन्हा गाताना ऐकलं नाही.

वहिनी परत आल्या त्याच सुमारास माझा डी.एड.ला नंबर लागला होता. नगरला निघायच्या आदल्या दिवशी मी एकदाची धीर करून शेजारी गेले. वहिनी अंगणात मिलो पाखडत होत्या. मी समोर बसले. घरून पाठ करून आलेलं सगळं विसरले आणि म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "चुकलं."

सूप हलत राहिलं. कोंडा उडून माझ्या परकरावर बसत होता.  मग त्याच म्हणाल्या, "त्या बाईनं कसं म्हनलं?"

"कुणी?"

"रेडूवरच्या. समद्या गावानं आयकलं. मीच न्हाई आयकलं."

 मी म्हणाले, गोड म्हटलं. "म्हनून दाव," त्या म्हणाल्या. माझ्या घशातून सूर कधी निघाला नाही, तो त्या दिवशीही निघाला नाही. पण त्या गायिकेनं जशी चाल लांबवली होती तशी लांबवायचा प्रयत्न करत, फाटक्या आवाजात, मी ती म्हटली. वहिनींनी सूप मांडीवर ठेवलं. त्या खाली बघत ऐकत होत्या. शेवटच्या ओळीला मी थांबले, पुढे जाववेना.

"राघू नगं म्हनू," त्या म्हणाल्या. "राघू ववीतलं हाय, समद्यांच्याच पोरांला म्हनत्यात. बारसं केल्तं आमी. भानुदास नाव हुतं त्येचं. भानुदास म्हन."

मी पुन्हा सुरू केलं. तान्ह्या माज्या भानुदासासाठी. ते नाव लांब होतं, ओवी तिथंच अडखळली. मी पुन्हा धरली. पुन्हा तेच. वहिनी ओठांनी माझ्याबरोबर हळूच जुळवून बघत होत्या, आवाज न काढता.

"बसत न्हाई व्हय?"

"नाही बसत, वहिनी."

"मंग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि सूप उचलून पाखडायला लागल्या.